कदंबाची ओंजळ

फार पूर्वी अस्मक देशात, गोदेकाठच्या पोतन नगरात रोहक राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व रानाच्या तोंडाशी वसलेल्या एका व्याधांच्या गावात जन्माला आला. गावातले सर्वांत शेवटचे घर त्याचे. त्याचे नाव कदंब.

गावाचा धंदा शिकारीचा होता. तागाच्या दोराची मोठमोठी जाळी गावात विणली जात. त्या जाळ्याला वाघूर म्हणत. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत वाघूर बांधायची, मागून हाकारे घालून हरणांचा कळप तिच्यात लोटायचा आणि अडकलेल्या जनावराच्या गळ्यावर सुरी फिरवायची, अशी रीत. मांस पोतनच्या बाजारात जाई. त्यावर गावाच्या चुली पेटत. पण सुरी फिरवण्याआधी आणखी एक गोष्ट करावी लागे, आणि ती झाल्याशिवाय गावात कुणी मुंगीएवढा जीवही मारीत नसे.

ज्याच्या हाती सुरी असेल तो आधी भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन ओंजळकऱ्यासमोर जाई. ओंजळकरी म्हणजे गावाचे पाप घेणारा माणूस. जनावराकडे पाठ करून, दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरून तो उभा राही. व्याध त्या ओंजळीत पाण्याची धार सोडून म्हणे, “घाव माझा, कर्म तुझं.” ओंजळकरी म्हणे, “घेतलं.” तेवढा एक शब्द झाला की व्याध मोकळ्या मनाने परते आणि आपले काम उरकी. कुणी घाईने तो शब्द ऐकण्याआधीच घाव घातला, तर ते मांस कुत्र्यांपुढे टाकत आणि त्या माणसाला पुढच्या पौर्णिमेपर्यंत गावाबाहेर राहावे लागे.

या शब्दाच्या बदल्यात ओंजळकऱ्याला प्रत्येक शिकारीतला वाटा मिळे. सुगीत धान्य मिळे, थंडीत कांबळे मिळे. त्याच्या घरी कधी उपास घडला नाही. मात्र त्याच्या हातचे पाणी गावात कुणी पीत नसे. सकाळी तो समोर आला तर बायका मुलांना पदराआड घेत. कुणाच्या मनात त्याच्याबद्दल वैर नव्हते. पण त्या हातांत काय काय साठले असेल या विचाराने लोक थोडे लांबूनच जात.

कदंबाचा आजा ओंजळकरी होता, बाप ओंजळकरी होता. बाप गेला आणि ओंजळ कदंबाकडे आली.

गावाचा मुखिया भरुक हा कदंबाचा बालमित्र. लहानपणी दोघांनी ओढ्यात एकत्र खेकडे धरले होते, एकाच झाडावरून पडून हातपाय मोडून घेतले होते. मोठेपणी भरुकाच्या हाती सुरी आली आणि कदंबाच्या हाती पाणी. तरी भरुक संध्याकाळी कधीमधी गावाच्या टोकाला जाऊन कदंबाच्या अंगणात बसे. तिथे तो काही खात-पीत नसे, एवढेच. भरुक मनाने वाईट नव्हता. पाप-पुण्याचे भय त्यालाही होते. ते होते म्हणून तर ओंजळकऱ्याला तो कधी काही कमी पडू देत नसे. आपल्या घरी आई आहे, बायको आहे, लेक आहे, त्यांच्या तोंडी घास पडतो तो या सुरीमुळे, आणि सुरीचे जे काही पाप असेल ते कदंबाकडे जाते, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्यामुळे त्याला झोप फार छान लागे.

एके वर्षी राजाच्या घरी लग्न निघाले. लग्नाच्या जेवणाला हरणे पुरवावीत अशी आज्ञा भरुकाच्या गावाला आली. मांस ताजे हवे, म्हणून गाड्या येतील त्या दिवशीच सुरी चालवायची होती. गावाने मोठा हाका केला. चितळांचा अख्खा कळप वाघुरीत आला. नर, माद्या, पाडसे, सगळे. खिंडीच्या तोंडाशी जाळे ओढून त्यांना तसेच कोंडून ठेवले. पहिला दिवसभर हरणे जाळ्यावर धडका देत राहिली. मग ती थकली आणि एकमेकांना खेटून उभी राहिली.

गाड्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. पण राजाकडे काही पाठवण्याआधी त्यातला एक नर वनदेवतेला द्यायची चाल होती. त्यासाठी भरुक तुंबा घेऊन निघाला. वाटेत कदंब त्याच्यासोबत झाला. दोघे बोलत बोलत खिंडीपाशी आले, तो एका खडकाच्या आडोशाला त्यांच्या लेकी खेळत होत्या. भरुकाची उंबरी आणि कदंबाची सेवाळी, दोघींचे दुधाचे दात नुकतेच पडू लागलेले.

उंबरीजवळ बापाने करून दिलेला दोऱ्याचा छोटा फास होता. त्यात एक लावा पक्षी सापडला होता. तो तिने डाव्या हातात धरला होता. उजव्या हातातल्या करवंटीतून तिने सेवाळीच्या ओंजळीत पाणी ओतले आणि म्हणाली, “घाव माझा, कर्म तुझं.” सेवाळी पाखराकडे पाठ करून उभी होती. ती अगदी बापाच्या आवाजात, संथपणे म्हणाली, “घेतलं.” उंबरीने पाखरू खडकावर ठेवून दगडाने ठेचले. मग आपल्या आखूड वस्त्राला हात पुसले आणि म्हणाली, “चल, दुसरं धरू.”

भरुकाला हसू आले. तो म्हणाला, “बघ कदंबा, तुझी गादी चालवायला तयार झाली की पोरगी. तू आता म्हातारा व्हायला मोकळा.”

कदंब हसला नाही. तो लेकीजवळ गेला. तिच्या ओल्या हातांकडे त्याने पाहिले. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेले होते आणि तळवे नुसते ओलसर राहिले होते. त्याने ते आपल्या धोतराच्या सोग्याने कोरडे केले आणि तिला घरी जा म्हणून सांगितले.

खिंडीत दोघा तरुणांनी नराला शिंगांना धरून आणले. भरुकाने कमरेची सुरी सैल केली, तुंबा हाती घेतला आणि ओंजळकऱ्याकडे वळला. कदंब हात खाली सोडून उभा होता. शिवाय तो जनावराकडे तोंड करून उभा होता. आजवर कुठल्याही ओंजळकऱ्याने तसे केले नव्हते.

“ओंजळ धर,” भरुक म्हणाला.

“मी घेत नाही,” कदंब म्हणाला.

भरुकाला वाटले, राजाचे काम आहे हे पाहून कदंब वाटा वाढवून मागतो आहे. असे काही मनात असेल तर मित्राने घरी बोलावे, चारचौघांत अडवू नये, असे त्याने हळूच सुनावले. आणि तरीही मागची एक तंगडी जास्त द्यायचे कबूल केले. कदंबाने मान हलवली. वाटा नको होता. आधीचा वाटाही नको होता.

“मग काय हवं?”

“काही नको. भरुका, तू ओततोस ते पाणी माझ्या बोटांतून गळून जातं. कितीतरी वर्षं मी वाट पाहिली, की आज काही हाताला लागेल, आज जड वाटेल. काहीच येत नाही. तुझं तुझ्यापाशीच राहतं. मी ‘घेतलं’ म्हणतो, ते खोटं असतं.”

“तर मग खोटं म्हण,” भरुक म्हणाला. “आजवर म्हणत होतासच ना?”

“म्हणत होतो. त्या खोट्यावर जेवत होतो. ते सगळं माझं, ते मी कुणाच्या ओंजळीत ओतणार नाही. पण माझा शब्द ऐकला की तुमचे हात हलके होतात. आज तुझ्या लेकीचा झाला. यापुढे मी तो शब्द उच्चारणार नाही.”

तरुणांनी एकमेकांकडे पाहिले. नर त्यांच्या हातात थरथरत होता. भरुकाने त्याला परत जाळ्यात सोडायला सांगितले. शब्दाशिवाय घाव घालायचा नाही, हा नियम मुखियालाही होता.

त्या दुपारी भरुकाने मनाशी ठरवले की उद्या गाड्या यायच्या आत हा शब्द कदंबाच्या तोंडून काढायचा. राजाची आज्ञा मोडली तर रान हातचे जाणार, कदाचित गावही जाणार. चार घरांची नव्हे, सगळ्या गावाची भाकरी एका माणसाच्या हट्टापायी का जावी? तो स्वतः कदंबाच्या घरी गेला. कदंब ओढ्यावर गेला होता. दारात त्याची बायको सामा होती आणि तिच्यापुढे मडकी, सूप, कांबळी असा पसारा मांडलेला होता.

भरुकाने तिला समजावून पाहिले. नवऱ्याला चार शहाणपणाचे शब्द सांग, मुलीचा विचार कर, असे तो म्हणाला. शेवटी हेही म्हणाला, की उद्या शब्द मिळाला नाही तर या घराला गावात जागा राहणार नाही.

सामाने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “भावोजी, मी आत्ताच त्यांच्याशी भांडून बसले. म्हटलं, चूल कशावर पेटवायची? तर म्हणाले, कशावर ते मला अजून माहीत नाही, पण यावर नाही. मग पोर घरी आली. तिला विचारलं, काय खेळलात गं? तिने सांगितलं.” सामाने एका मडक्यात दुसरे मडके ठेवले. “घर रिकामं करून देते. जातं तेवढं जड आहे. ते ओढ्यापल्याड न्यायला कुणी मिळेल का, बघता?”

जात्याचे बघतो, असे काहीतरी पुटपुटून भरुक बाहेर पडला.

आता त्याने दुसरा मार्ग धरला. शब्दच हवा आहे ना? तो कदंबाच्याच तोंडचा कशाला हवा? गावात माणसांना तोटा नव्हता. तो आधी तुंडिलाकडे गेला. तुंडिल हा गावातला सर्वांत आळशी आणि सर्वांत खादाड माणूस. हाक्याला तो कधी येत नसे, जेवायला कधी चुकत नसे. ओंजळकऱ्याचा वाटा जन्मभर घरपोच मिळेल, बदल्यात एक शब्द म्हणायचा, असे भरुकाने त्याला सांगितले. तुंडिल खाटेवर उठून बसला. क्षणभर त्याच्या तोंडाला पाणी सुटले. मग त्याने आपले दोन्ही हात काखेत घातले.

“मुखिया, मी आळशी आहे, वेडा नाही,” तो म्हणाला. “एवढं सोपं आहे तर तुमच्या घरात हातांची काय कमी?”

भरुक रागाने निघाला. एका पायाने अधू असलेल्या विणकऱ्याकडे गेला. तो जाळी विणून कसेबसे पोट भरी. त्याने जाळ्यावरची नजरही वर केली नाही. म्हणाला, पायाचे जे झाले ते कुठल्या जन्माचे फळ कोण जाणे, त्यात भर नको. बायको गेलेला एक म्हातारा होता, त्याला मागे-पुढे कुणी नव्हते. तो म्हणाला, माझे मलाच पुरे आहे रे बाबा. असे घरोघर झाले. प्रत्येक जण म्हणे, एक शब्दाचे तर काम आहे, कुणीही करील. आणि प्रत्येक जण शेजारच्या दाराकडे बोट दाखवी.

दिवे लागायच्या वेळेला भरुक पाराशी येऊन बसला. त्याचे मन खवळले होते, तरी त्यात एक विचार काट्यासारखा सलू लागला होता. एवढा हलका शब्द, आणि तो उचलायला गावात एक माणूस मिळत नाही. मग इतकी वर्षे कदंबाने उचलला तो काय होता? आणि काही नव्हतेच असे कदंब म्हणतो, तर मग ते सगळे गेले कुठे? हा विचार त्याने झटकला. राजाच्या गाड्या विचारांनी भरत नाहीत, असे स्वतःला बजावून तो घरी गेला. त्या रात्री मात्र त्याला नेहमीसारखी झोप लागली नाही.

सकाळी सगळे गाव खिंडीपाशी जमले. पोतनच्या वाटेवर धूळ दिसू लागली होती. कदंबही आला होता. बायको-मुलीला ओढ्यापाशी सामान घेऊन बसवून तो आला होता. कुणी न बोलावता तो सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला. पळून गेला असे कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

भरुकाने त्याला शेवटचे विचारले. कदंबाने शेवटचे नाही म्हटले. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही.

जमलेल्यांतून कुणी ओरडले, याला बांधा. कुणी म्हणाले, जबरदस्तीने ओंजळ धरायला लावा. भरुकाने हात वर करून त्यांना गप्प केले. ओंजळ धरायला लावता येते, शब्द म्हणायला लावता येत नाही, हे त्याला कळत होते. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि काठी टेकत त्याची आई आली. म्हातारीचे नाव वासवी. तिची कंबर पार वाकलेली होती आणि दृष्टी अंधुक झाली होती. पण जीभ अजून शाबूत होती.

“एवढं मोठं गाव, आणि एका शब्दाला महाग झालं,” ती म्हणाली. तिने काठी उंबरीच्या हाती दिली, हरणांकडे पाठ केली आणि आपल्या दोन्ही हातांची ओंजळ मुलापुढे धरली. “ओत रे, भरुक्या.”

भरुक तिच्याकडे बघत राहिला.

“बघतोस काय? मी आज आहे, उद्या नाही. राजाची माणसं तुला बांधून नेणार आणि मी चुलीपाशी बसून राहू? तुझ्यासाठी आयुष्यभर काय काय घेतलं, त्यात हे एक. पाणीच तर आहे. ओत.”

म्हाताऱ्या हातांची ती ओंजळ नीट जुळत नव्हती. बोटे सांध्यांत वाकडी झाली होती. याच हातांनी तिने त्याला भरवले होते. भरुकाने तुंबा उचलला. तुंब्याचे तोंड ओंजळीवर आणले. ‘घाव माझा’ एवढे शब्द त्याच्या तोंडातून निघाले, आणि पुढचे निघेनात.

सगळे थांबले होते. जाळ्यात एक पाडस आईच्या पोटाखाली तोंड खुपसून दूध शोधत होते, त्याचा चुटूचुटू आवाज तेवढा ऐकू येत होता.

“कदंबा,” भरुक मान न वळवता म्हणाला, “हिच्या हातात पडेल का रे काही?”

“नाही,” कदंब म्हणाला. “तू निर्धास्त ओत. तिला काही लागणार नाही. मारायचं तुझ्या मनात येतं, तुझा हात उचलतो. मग ते तुझं सोडून दुसरीकडे जाईल कसं?”

भरुकाने तुंबा ओंजळीवर तसाच धरून ठेवला. कदंबाचे म्हणणे खोटे असेल, तर या क्षणी तो आपल्या जन्मदात्या आईला नरकात लोटत होता. आणि खरे असेल, तर आजवर वाघुरीत पडलेले प्रत्येक हरण, त्याचे प्रत्येक कासावीस होणे त्याच्याच नावावर जमा होते. एकही थेंब कधी कुणाच्या हातात गेला नव्हता. दोन्हीपैकी काहीही खरे असो, आज सुरी चालवता येत नव्हती. आणि त्याच क्षणी त्याला कळून चुकले की सुरीचे कर्म किती भयंकर असते हे त्याला आधीपासून ठाऊक होते. नाहीतर कदंबाच्या अंगणात बसून तो पाणी का पीत नव्हता?

त्याने तुंबा जमिनीवर ठेवला. आईची ओंजळ आपल्या हातांत घेऊन मिटवली. मग तो जाळ्याकडे गेला आणि खिंडीच्या तोंडाशी बांधलेला मुख्य दोर सोडू लागला.

गावात एकच गलबला उठला. दोघे-तिघे त्याला अडवायला धावले. भरुकाने त्यांच्याकडे वळून एवढेच सांगितले, की ज्याला सुरी चालवायची असेल त्याने चालवावी. मात्र आधी सगळ्यांसमोर म्हणावे, घाव माझा आणि कर्मही माझे. धावत आलेले जागच्या जागी थांबले. तुंडिल मागच्या मागे घरी निघून गेला.

दोराची गाठ हरणांच्या धडकांनी आवळून बसली होती. भरुकाने दोर हाताला गुंडाळून जोर लावला. जाळे ढिले पडले मात्र, कळपातल्या मोठ्या नराने त्यावर झेप घेतली आणि दोर भरुकाच्या मुठींतून सरसरत गेला. त्याने तो सोडला नाही. सोडला असता तर जाळे पाडसांच्या अंगावर कोसळले असते. शेवटचे पाडस बाहेर पडेपर्यंत तो दोर धरून उभा राहिला. मग त्याने हात उघडले, तेव्हा दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती. कदंबाने रानातला पाला चुरून लावला आणि आपल्या कांबळ्याची पट्टी फाडून बांधली.

राजाच्या गाड्या रिकाम्या परतल्या. गाड्यांबरोबर भरुकाला जावे लागले. कुणी न सांगता कदंबही त्याच्याबरोबर निघाला.

पोतनच्या राजवाड्यात लग्नाची घाई होती. रोहक राजाने दोघांना समोर उभे केले. त्याने आवाज चढवला नाही, पण त्याच्या कपाळावर आठी होती. आज्ञा मोडण्याचे हे कर्म कुणाचे, असे त्याने विचारले.

कदंब एक पाऊल पुढे आला. शब्द आपण नाकारला, मुळाशी आपणच आहोत, तर मित्रावरचा राग आपल्यावर घ्यावा, असे त्याच्या मनात होते. त्याने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात भरुकाने पट्ट्या बांधलेला हात त्याच्या छातीपुढे आडवा धरला.

“याच्या ओंजळीत आता काही टाकायचं नाही, महाराज,” तो म्हणाला. “हरणं मी सोडली. हे कर्म माझं.”

राजाने त्या हातांकडे पाहिले. मग त्याने निकाल दिला. त्या गावाने पुन्हा रानात जाळे बांधायचे नाही. रानाचा त्यांचा हक्क संपला. राजाच्या मते ही शिक्षा होती. भरुकाने वाकून ती मान्य केली.

परतताना उन्हाचा कडाका होता. गोदेच्या काठाशी आल्यावर भरुकाला तहान अनावर झाली. जवळ भांडे नव्हते. त्याने पाण्यापाशी बसून हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. पट्ट्यांखाली तळवे उघडे मांस झाले होते, ओंजळ होत नव्हती. कदंब पाण्यात उतरला. त्याने ओंजळ भरली आणि मग तो अवघडून तिथेच उभा राहिला. गावचा कुणीही त्या हातांतले पाणी पीत नसे, हे त्याला ऐन वेळी आठवले. तो पाणी सोडून देणार, एवढ्यात भरुकाने आपल्या मनगटांनी त्याचे हात वर उचलले, मान वाकवली आणि ओंजळीला तोंड लावले.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “आणखी दे.”

गावावर त्या वर्षी हलाखी आली. काही घरे रान शोधत परमुलखात निघून गेली. राहिलेल्यांनी कंदमुळे खाऊन दिवस काढले. म्हातारी वासवी म्हणे, राजाने बरे केले, आता मोह व्हायला रानच नाही. पण या लोकांच्या बोटांत तागाची कला होती. वाघुरीच्या गाठी झेप घेणाऱ्या नरालाही तोडता येत नसत. त्याच गाठींनी त्यांनी विहिरींचे दोर वळले, नावांची दावी वळली, दह्यादुधाची मडकी टांगायला शिंकी विणली. पोतनच्या नावाड्यांना ते दोर पसंत पडले. अधू विणकऱ्याच्या हाताखाली निम्मे गाव शिकू लागले. सामाचे जाते ओढ्यापल्याड नेलेले होते, ते भरुकाने स्वतः गडगडत परत आणून दिले. त्या गावात पुढे ओंजळकरी हा शब्द राहिला नाही, आणि कदंबाच्या दारातल्या माठातले पाणी येणारा-जाणारा प्रत्येक जण पिऊ लागला.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही पूर्वजन्मीची हकीकत जेतवनात असताना सांगितली. श्रावस्तीतला एक मांसविक्रेता उपदेश ऐकायला येत असे. एके दिवशी त्याने हात जोडून विचारले, की भगवन्, सुरी माझा गडी चालवतो, मी केवळ विकतो आणि कुटुंब पोसतो. पोटासाठी केलेल्या या कामाचे पाप गड्याचेच ना? तेव्हा शास्ता म्हणाला, “उपासका, ही ओंजळ शोधत तू पूर्वीही फिरला होतास आणि ती तुला मिळाली नव्हती,” आणि त्याने हे सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर त्या माणसाने आपल्या तळव्यांकडे पाहिले. पुढे त्याने तो धंदा सोडला आणि तेलाचे दुकान घातले.

कथेचा मेळ घालताना शास्ता म्हणाला, “त्या वेळचा भरुक म्हणजे हा उपासक. म्हातारी वासवी म्हणजे मला वाढवणारी महाप्रजापती गौतमी. सामा ही राहुलमाता होती आणि लहानगी सेवाळी ही भिक्षुणी उत्पलवर्णा. गावातले लोक म्हणजे आज इथे बसलेले तुम्ही. आणि एक शब्द म्हणायला शेवटपर्यंत नकार देणारा कदंब तो मीच होतो.”

मनाने एकदा खरे ओळखले, की वाटा गेला, घर गेले, चूल थंड पडली, तरी त्यापासून न ढळणे, याला अधिष्ठान म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ती पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा तो गुण, पूर्ण केला.